मराठी रंगभूमीवरील वैद्य आणि डॉक्टर

मराठी रंगभूमीवरील वैद्य आणि डॉक्टर ही मराठी विनोदी नाट्यातील एक जुनी पात्रपरंपरा आहे. मारून बनवलेला वैद्य, एकाच रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून परस्परांचे शास्त्र खोडून काढणारे दोन चिकित्सक, अर्धवट ऐकून भलताच अर्थ लावणारे नातेवाईक आणि या गदारोळात विसरला गेलेला रुग्ण ही या परंपरेतील नेहमीची मंडळी. तिची मुळे एकीकडे संस्कृत प्रहसनांत, तर दुसरीकडे सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार मोल्येर याच्या सुखात्मिकांत आहेत. महाराष्ट्रात आयुर्वेद, युनानी, ॲलोपॅथी आणि होमिओपॅथी या पद्धती शेजारीशेजारी नांदत आल्याने चिकित्सकांच्या चढाओढीचा विषय येथे केवळ नाटकापुरता राहिला नाही. तो कायद्यात, न्यायालयात आणि संपाच्या आंदोलनांतही आला.

चिकित्सकासाठी मराठीत रूढ असलेले तिन्ही शब्द मुळात विद्वत्तेचे वाचक आहेत. ‘वैद्य’ हा शब्द विद् म्हणजे जाणणे या धातूशी निगडित आहे, ‘हकीम’ हा अरबी शब्द शहाणपण या अर्थाच्या ‘हिकमत’शी संबंधित आहे आणि ‘डॉक्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिकवणारा असा आहे. या पात्रांवरील विनोदाचे लक्ष्य बहुधा हेच असते. आजाराची थट्टा मराठी नाटककारांनी क्वचितच केली आहे. थट्टा होते ती जाणतेपणाच्या दाव्याची.

संस्कृत प्रहसनांतील वैद्य

वैद्याची टवाळी करण्याची रीत इंग्रजी शिक्षणाबरोबर आली, असा समज आढळतो. तो खरा नाही. वैद्यराजाला यमराजाचा भाऊ ठरवणारे संस्कृत सुभाषित जुन्या पिढीतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असे. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी क्षेमेंद्र याने आपल्या उपरोधपर काव्यांत इतर ढोंग्यांबरोबर वैद्यांचाही समाचार घेतला आहे.

‘भगवदज्जुकम्’ या प्राचीन प्रहसनातील वैद्याचा प्रवेश गैरसमजाच्या विनोदाचा उत्तम नमुना आहे. यमदूत नामसाधर्म्यामुळे चुकीच्या गणिकेचे प्राण नेतो. एक परिव्राजक शिष्याला योगसामर्थ्य दाखवण्यासाठी तिच्या निर्जीव देहात प्रवेश करतो आणि पुढे यमदूत चूक दुरुस्त करण्यासाठी तिचा जीव परिव्राजकाच्या देहात घालतो. गणिकेला साप चावला म्हणून वैद्य बोलावला जातो. तो उपचार सुरू करतो, तेव्हा समोरची ‘रुग्णा’ शास्त्रार्थ करू लागते आणि विषविद्येवर उलट त्याचीच परीक्षा घेते. वैद्याला काढता पाय घ्यावा लागतो. आपल्यासमोर कोण आहे हेच त्याला कळलेले नसते आणि हास्याचे कारण तेच असते.

बाराव्या शतकात कनोजचा राजा गोविंदचंद्र याच्या आश्रयास असलेल्या शंखधराच्या ‘लटकमेलकम्’ या प्रहसनात जंतुकेतु नावाचा भोंदू वैद्य आहे. घशात माशाचा काटा अडकलेल्या स्त्रीवर तो इतका हास्यास्पद उपाय करतो की तिला हसू आवरत नाही आणि त्या हसण्यानेच काटा निघतो. जगदीश्वराच्या ‘हास्यार्णव’ या प्रहसनातील वैद्याचे नाव व्याधिसिंधु असून त्याच्या पित्याचे नाव आतुरांतक, म्हणजे आजाऱ्याचा अंत करणारा, असे आहे. पोटशूळावर तापवलेली सुई टाळूला लावावी, असा त्याचा उपाय आहे. पात्राच्या नावातच त्याची योग्यता सांगून टाकण्याची ही युक्ती मराठी प्रहसनकारांनीही पुढे आवडीने वापरली.

मोल्येर आणि ‘मारून मुटकून वैद्यबुवा’

आधुनिक मराठी नाटकात हा विषय रुजला तो मोल्येरच्या रूपांतरांमुळे. कादंबरीकार हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी मोल्येरची जी नाटके मराठीत आणली, त्यांत ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे सर्वांत प्रसिद्ध आहे. मूळ फ्रेंच नाटक १६६६ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आले.

मूळ कथा अशी. स्गानारेल हा दारुडा लाकूडतोड्या बायकोला मारतो. बायको सूड घेण्याची संधी शोधत असते. आपल्या धन्याच्या मुक्या झालेल्या मुलीसाठी चिकित्सक शोधत फिरणारे दोन नोकर तिला भेटतात. ती सांगते, की माझा नवरा थोर वैद्य आहे, पण विक्षिप्त असल्याने काठीचा प्रसाद मिळाल्याशिवाय ते कबूल करीत नाही. नोकर त्याला झोडपतात. तो वैद्य असल्याचे कबूल करतो. पूर्वी एका वैद्याकडे नोकरी केलेली असल्याने दोनचार लॅटिन वाटणारे शब्द त्याला येतात आणि तेवढ्यावर त्याचे भागते. हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे असल्याचे तो सांगतो. कोणी शंका घेतल्यावर वैद्यकाने ही जुनी व्यवस्था आता बदलली आहे, असे उत्तर देतो. मुलगी मुकी नसतेच. नको असलेला विवाह टाळण्यासाठी तिने मौन धरलेले असते. रोगाचे कारण कोणत्याही वैद्याच्या हाती लागत नाही, कारण तिला काय हवे आहे हे कोणी विचारलेलेच नसते.

आपट्यांच्या शीर्षकाचे यश वेगळे नोंदवण्यासारखे आहे. फ्रेंच शीर्षकाचा सरळ अर्थ ‘इच्छेविरुद्ध झालेला वैद्य’ एवढाच आहे. ‘मारून मुटकून’ या जोडशब्दात काठीही आली आणि घरगुती ठसकाही. नाटक न पाहिलेल्या व न वाचलेल्या लोकांच्या तोंडीही तो वाक्प्रचार बसला. अंगी गुण नसताना परिस्थितीच्या रेट्याने एखाद्या पदावर बसवलेल्या कोणासही तो आज लावला जातो, मग तो मुख्याध्यापक असो वा मंत्री. नाटकाचे नाव नाटकाहून अधिक जगल्याची जी थोडी उदाहरणे मराठीत आहेत, त्यांत हे अग्रभागी ठेवावे लागेल.

मोल्येरच्याच १६६५ मधील आणखी एका सुखात्मिकेत चिकित्सकांच्या आपसांतील चढाओढीचे चित्र आहे आणि पुढील काळातील अशा सर्व प्रवेशांचे ते आद्यरूप म्हणता येईल. एका श्रीमंत गृहस्थाची मुलगी आजारी पडते व चार वैद्य एकदम बोलावले जातात. एकांतात विचारविनिमय करण्याच्या निमित्ताने बसल्यावर ते रुग्णाविषयी अवाक्षर काढत नाहीत. शहरभर फिरण्यासाठी खेचर चांगले की घोडा, यावर त्यांची चर्चा रंगते. नंतर एक जण रक्त काढण्याचा आग्रह धरतो, दुसरा वांतीचे औषध देण्याचा. दुसऱ्याचा उपाय केल्यास मुलगी दगावेल, असे दोघेही बजावतात. बापाला पहिल्यापेक्षा अधिक गोंधळात टाकून मंडळी निघून जातात. या विनोदामागे त्या काळच्या पॅरिसमधील खरा वाद होता. अँटिमनी या धातूपासून केलेले वांतिकारक औषध वापरावे की नाही, यावर तेथील वैद्यक विद्यापीठात अनेक दशके भांडण चालू होते आणि १६६६ मध्ये त्या औषधाला अधिकृत मान्यता मिळाली. मोल्येरने अतिशयोक्ती फारशी केली नव्हती, असेच यावरून दिसते.

मोल्येर मराठीत दुसऱ्या वाटेनेही आला. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे आर्थर मर्फी याच्या इंग्रजी नाटकावरून घेतले असून त्या इंग्रजी नाटकाचे मूळ मोल्येरच्या एका सुखात्मिकेत आहे. त्यात वैद्य नाही. परंतु एका तसबिरीवरून संशयाचे इमले कसे चढतात हे मराठी प्रेक्षकाने त्यात पाहिले आणि पुढे रुग्णालयातील गैरसमजांच्या नाट्यछटांनी हीच रचना उचलली. तेथे तसबिरीच्या जागी तपासणीचा अहवाल आला, एवढेच.

एका खाटेपाशी दोन शास्त्रे

राम गणेश गडकरी (मृत्यू २३ जानेवारी १९१९) यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. ते मद्यपानाच्या दुष्परिणामांवरील शोकांतिका म्हणून ओळखले जाते. त्यातील तळीरामाच्या आजारपणाच्या प्रवेशात वैद्य आणि डॉक्टर समोरासमोर येतात व आपापल्या शास्त्राची थोरवी गाऊ लागतात. तळीराम दारूने खंगलेला आहे, आजाराचे कारण खोलीतील प्रत्येकाला माहीत आहे आणि त्याला स्वतःला औषधापेक्षा प्याला प्रिय आहे. अशा रुग्णापुढे चाललेला शास्त्रार्थ प्रेक्षकाला हसवतो. पण ज्याचा मृत्यू जवळ आला आहे त्याच्या खाटेपाशी तो चाललेला असल्याने हसू पुरते फुलत नाही. मराठी नाटकातील वैद्य–डॉक्टर चढाओढीचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे.

या प्रवेशाचा त्या काळचा संदर्भ आजच्या वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिले पदवीधर बाहेर पडले. तेव्हापासून सुमारे साठ वर्षे पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर आणि वैद्य–हकीम एकाच गावात, अनेकदा एकाच घरी, कायद्याच्या आडकाठीविना काम करीत होते. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. नोंदणीकृत डॉक्टराने नोंदणी नसलेल्या चिकित्सकाशी व्यावसायिक संबंध ठेवणे हे गैरवर्तन मानले जाऊ लागले. आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवल्याबद्दल मुंबईतील डॉ. पोपट प्रभुराम यांचे नाव नोंदवहीतून काढण्यात आले आणि त्यावर देशभर चर्चा झाली. म्हणजे ‘एकच प्याला’चे प्रयोग मुंबई इलाख्यात होऊ लागले, तेव्हा वैद्याबरोबर एका रुग्णाचा विचार करणारा डॉक्टर आपली सनद धोक्यात घालत होता. गडकऱ्यांच्या प्रेक्षकांतील जाणत्यांना हा प्रवेश निव्वळ कल्पित वाटला नसेल.

वैद्यांची बाजूही संघटित होत होती. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले आणि १९३८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात आयुर्वेद व युनानी चिकित्सकांच्या नोंदणीची सोय झाली. दोन नोंदवह्या झाल्याने भांडण संपले नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलले. कोणी कोणाचे औषध लिहावे हा प्रश्न पुढे आला आणि तो आजही सुटलेला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात असे ठरवले, की होमिओपॅथीची पदवी असलेल्याने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच मुळात निष्काळजीपणा होय. त्या प्रकरणात एका तरुण रुग्णाचा मृत्यू झाला होता. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा दिली; ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनेने तिला विरोध केला. २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीधरांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी देणारी केंद्रीय अधिसूचना निघाली, तेव्हा ११ डिसेंबर रोजी देशभर डॉक्टरांनी काम बंद ठेवले. खेड्यांत डॉक्टर जात नाहीत, मग जो जातो त्याला औषध देऊ द्यावे, असे एका बाजूचे म्हणणे; अर्धवट शिक्षणाने रुग्णाचा जीव धोक्यात येतो, असे दुसरीचे. दोन्हींत तथ्य आहे. त्यामुळेच हा विषय प्रहसनाला आजही पुरतो.

उपचारपद्धतींच्या अतिरेकी अभिमानाची टर उडवणारे दुसरे महत्त्वाचे नाटक म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३). यातील रावबहादुरांना सूर्यनमस्कार हा सर्व व्याधींवरचा रामबाण उपाय वाटतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्या काळात सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला होता, त्यामुळे हा विनोद प्रेक्षकांना चटकन उमगला. येथे चिकित्सक नाही. प्रत्येक जण स्वतःच चिकित्सक झाला आहे.

मराठवाडा: वैद्य, हकीम आणि डॉक्टर

निजामी राजवटीतील मराठवाड्यात ही चढाओढ दुहेरी न राहता तिहेरी होती. लातूर हे त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव होते; स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने येथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता आणि हैदराबादेत चारमिनारजवळ युनानीचे मोठे सरकारी रुग्णालय उभे राहिले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि तेथे वैद्यकही काही काळ उर्दूतून शिकवले गेले. त्यामुळे मराठी बोलणारा रुग्ण, उर्दूतून शिकलेला डॉक्टर आणि संस्कृत श्लोक म्हणणारा वैद्य एकाच गावात असणे येथे स्वाभाविक होते. मुंबई–पुण्याच्या नाटकांत हकीम हे पात्र अभावानेच दिसते.

‘दवाखाना’, ‘इलाज’, ‘जुलाब’ हे शब्द मराठीत फारसी–अरबीतून आले. यांपैकी ‘जुलाब’ची कथा मौजेची आहे. गुलाबपाणी या अर्थाचा फारसी शब्द अरबीत जाऊन आधी गोड सरबताला आणि मग रेचकाला लागू झाला. मराठीत तो आला तेव्हा त्यातील सुगंध पूर्ण उडाला होता. अर्धवट हकीम जिवाला धोका, या अर्थाची उर्दू म्हण मराठवाड्यातील मराठी माणसाच्या तोंडीही सहज येते. पडद्यातील स्त्रीच्या मनगटाला बांधलेल्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकावरून नाडी ओळखणाऱ्या हकिमाची लोककथा उर्दू–हिंदी प्रदेशात सर्वपरिचित आहे. तिच्या एका रूपात घरची मंडळी दोरा मांजराला बांधतात आणि हकीम रुग्णाला उंदीर खाऊ घालायला सांगतो. येथे हकीम मूर्ख ठरत नाही, हे विशेष. फसवायला गेलेले नातेवाईकच फसतात.

लोकनाट्याच्या अंगाने पाहता पैठणच्या एकनाथांची भारुडे या परंपरेच्या जवळची आहेत. विंचवाच्या भारुडात दंश कामक्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा. ठणकणाऱ्या माणसाचा अभिनय करून लोकांना हसवावे आणि हसता हसता रोगाचे नाव बदलावे, ही युक्ती एकनाथांनी सोळाव्या शतकात वापरली. भारूड सादर करणारे कलावंत आजही विंचू चावल्याचा आक्रोश हुबेहूब करतात आणि प्रेक्षक खदखदून हसतात.

स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याचे वैद्यकीय चित्र पालटले. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा दोन्ही संस्था आल्या. लातूरमध्ये १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे यांनी सहकाऱ्यांसह विवेकानंद रुग्णालय सुरू केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. अनेक शाखांच्या डॉक्टरांनी एका छपराखाली एकत्र काम करण्याचा तो प्रयत्न आहे. एकोप्याने चालणाऱ्या रुग्णालयावर मात्र प्रहसन लिहिता येत नाही, त्यामुळे रंगभूमीने अशा संस्थांची दखल घेतलेली नाही.

आज लातूर हे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीचे राज्यातील एक प्रमुख केंद्र आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखली जाणारी अभ्यासपद्धती दहावी–बारावीच्या गुणवत्तायादीपासून सुरू झाली आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाकडे वळली. परभणीपासून सोलापूरपर्यंतची मुले येथे खोल्या घेऊन राहतात. मुलाने डॉक्टरच व्हावे म्हणून शेत विकणारे पालक आणि दुसऱ्याच विषयात मन असलेला मुलगा या जोडीत ‘मारून मुटकून वैद्यबुवा’चा अर्थ पुन्हा शब्दशः खरा होतो. फरक एवढाच, की येथे काठीऐवजी मायेचा धाक असतो आणि त्यापुढे स्गानारेलसारखे लबाडीने निसटता येत नाही. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी लातूर व नांदेड येथेही होते. अभ्यासाचे दडपण हा विषय स्थानिक लेखकांना दूर जाऊन शोधावा लागत नाही.

गैरसमजाची भाषा

दवाखान्यातील मराठी विनोद बराचसा भाषेवर चालतो. औषधपत्रावरील ‘बीडी’ (दिवसातून दोनदा) हा लॅटिन संक्षेप कानाला विडीसारखा लागतो. मराठवाड्यातील दखनी बोलीत विडीला ‘बिडी’च म्हणत असल्याने येथे तो अधिक खुलतो. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द भाषणात चांगला आणि रक्ताच्या अहवालात वाईट. करोनाच्या साथीत तर घराघरांत यावर विनोद झाले आणि त्यांतील काही भीतीपोटी झाले, हेही खरे. ‘डॉक्टर’ ही पदवी विद्यावाचस्पतींनाही लागत असल्याने मराठीच्या प्राध्यापकाला पोटदुखीवर औषध विचारले जाणे हा प्रसंग नाटकांतून आणि वऱ्हाड मंडळींच्या गप्पांतून सारखाच ऐकू येतो. या बाबतीत प्राध्यापकांची बाजू भक्कम आहे. शब्दाचा मूळ अर्थ त्यांच्याकडेच आहे.

डॉक्टरांचे अक्षर हा आणखी एक ठरलेला विषय. यात हसण्यासारखे जितके आहे, तितकेच गंभीर आहे, कारण सारख्या नावांच्या औषधांची अदलाबदल जिवावर बेतू शकते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम केला.

कंपाउंडर हे पात्र या भाषिक गोंधळाच्या केंद्रस्थानी असते. तयार गोळ्यांचा काळ येण्यापूर्वी डॉक्टर मिश्रण लिहून देत आणि कंपाउंडर ते बाटलीत भरून बाहेरून मात्रांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवी. रुग्णाला डॉक्टर पाच मिनिटे भेटे, कंपाउंडर अर्धा तास. साहजिकच आजाराचे वर्णन, पथ्य आणि गावातील बातम्या यांची देवघेव त्याच्याकडेच होई. डॉक्टर बाहेरगावी गेल्यावर खुर्चीत बसणारा कंपाउंडर हा स्गानारेलचा थेट वारस आहे. मोल्येरचा लाकूडतोड्याही एके काळी वैद्याचा नोकरच होता.

म्हणींतही चिकित्सकाला फारसा मान नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण वरवर वैद्याची दुर्दशा सांगते. पण दोष ती रुग्णाच्या कृतघ्नपणाला देते. मराठी रंगभूमीने वैद्याच्या बाजूचा हा विनोद फार कमी वापरला आहे आणि ही तिची एक उणीव मानली पाहिजे.

डॉक्टर विरुद्ध डॉक्टर

वैद्य आणि डॉक्टर यांच्यातील जुन्या वादाची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टर–डॉक्टरांतील स्पर्धेने घेतली. खासगी रुग्णालये वाढली, विशेषज्ञ वाढले आणि रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पाठवला जाऊ लागला. पाठवणाऱ्याला त्याबद्दल मिळणाऱ्या छुप्या पैशाला ‘कट’ हे नाव पडले. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे अध्यापन केलेले नाटककार अजित दळवी यांचे ‘डॉक्टर, तुम्हीसुद्धा!’ हे नाटक वैद्यकीय व्यवसायातील अपप्रवृत्तींवर आहे. दळवी यांची ‘गांधी विरुद्ध गांधी’ आणि ‘समाजस्वास्थ्य’ ही नाटकेही प्रसिद्ध आहेत. ‘डॉक्टर, तुम्हीसुद्धा!’ या नावातील उद्गार ज्यूलियस सीझरच्या अखेरच्या उद्गाराची आठवण देतो: वार विश्वासाच्या माणसाने केला आहे. हे प्रहसन नाही. प्रहसनाला ज्या गोष्टीवर शतकानुशतके हसता आले, ती गोष्ट येथे हसण्याच्या पलीकडे गेलेली दिसते आणि मराठवाड्यातील लेखकाने ती मांडली, हे या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे.

या प्रश्नाला पुढे खुद्द डॉक्टरांनीच तोंड फोडले. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांच्या मुलाखतींवर आधारित पुस्तक लिहिले. त्यात प्रामाणिकपणे व्यवसाय करणाऱ्यांची कोंडी त्यांच्याच शब्दांत आली आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करवला. मोल्येरच्या नाटकातील वैद्य खेचर आणि घोड्यावर बोलत असताना रुग्ण मुलगी शेजारच्या खोलीत वाट पाहत असते. विशेषज्ञांच्या साखळीत अडकलेल्या आजच्या रुग्णाची स्थिती फारशी निराळी नाही. त्याला फक्त प्रत्येक खोलीचे शुल्क निराळे द्यावे लागते.

नट झालेले डॉक्टर

मराठी रंगभूमीने डॉक्टरांची थट्टा केली, तशीच ती काही अंशी डॉक्टरांनीच उभी केली. श्रीराम लागू कान–नाक–घसा तज्ज्ञ होते आणि १९६९ मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, तर मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आहेत. लागू, पटेल आणि आगाशे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. दूरचित्रवाणीवरील ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमाचे पूर्वीचे सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी आयुर्वेदाचे शिक्षण घेतले आहे. लागूंच्या नावामागे ‘डॉक्टर’ हे संबोधन अखेरपर्यंत राहिले. नाट्यसृष्टीत नुसते ‘डॉक्टर’ म्हटले की लागू की घाणेकर असा संभ्रम एके काळी होई आणि दोघांच्या चाहत्यांत त्यावरून चुरस असे. २०१८ मध्ये घाणेकरांच्या जीवनावर आलेल्या मराठी चित्रपटातही या दोन नटांतील स्पर्धेला स्थान मिळाले आहे.